मोर्चात म्हणायला गाणं उरलंय का? (शाहिरी, रॅप आणि मधेच आलेली जाहिरात)

येरळाकाठ | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथंच टाकतोय, संपादकांना वाटलं तर हलवा.

झालं असं की गेल्या आठवड्यात सांगलीत एका कचेरीसमोर आम्ही बसलो होतो, विषय महापुराच्या भरपाईचा, तो इथं उगाळत नाही नाहीतर गाणं बाजूलाच राहील. शंभर-सव्वाशे माणूस असेल. दोन तास घोषणा दिल्या की घसे बसतात, मग एका पोरानं स्पीकरला मोबाईल जोडला आणि हल्लीची चळवळीची गाणी लावली, रॅप वगैरे. गाणी चांगली होती, खोटं कशाला बोलू. शब्द धारदार, ठेका असा की पाय हलावा. पण माणसं काय करत होती, तर ऐकत होती. निम्मी तर मोबाईल वर धरून शूटिंग करत होती. आणि गाणं ऐन भरात आलेलं असताना एकदम थांबलं आणि बाईचा गोड आवाज, "पाच मिनिटांत पर्सनल लोन, कागदपत्रांची कटकट नाही!" जाहिरात हो. कर्जानं पिचलेली माणसं समोर बसलेली आणि ही बया लोन देतीय. सगळा मांडव हसला, बंदोबस्ताचे पोलीस हसले, आणि त्या हसण्यात आंदोलनाची हवा गेली ती गेलीच.

मग मागं बसलेले एक म्हातारबाबा उठले, सत्तरीच्या पुढचे. डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं, बोटातल्या अंगठीनं ठेका धरला आणि सुरू केलं, "माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतीया काहिली". आवाज काय फार नव्हता, वरच्या पट्टीला फाटत होता. पण दुसऱ्या ओळीला चार जणांनी झील धरली, म्हणजे मागनं सूर ओढला, तिसऱ्याला वीस जणांनी, आणि पाचव्या मिनिटाला ज्यांना शब्द येत नव्हते तीपण नुसती "काहिली"वर येऊन आदळत होती. शूटिंग करणाऱ्यांचे हात आपोआप खाली आले, टाळ्या द्यायला हात लागतात ना.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अण्णाभाऊ साठ्यांनी ती छक्कड, लावणीचाच एक प्रकार, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी लिहिली, म्हणजे सत्तर वर्षं होत आली. त्यात घोषणा नाही, मुर्दाबाद नाही. पोटासाठी मुंबईला आलेला गडी बायकोला आठवतोय, बस. बायकोचं वर्णन ऐकत ऐकत तुम्ही कधी बेळगाव-कारवार-निपाणीपाशी येऊन पोचता कळतच नाही आणि मग लक्षात येतं की अरे ही गावावर राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मुलूख हाय. नवीन गाण्यात राग असतो, माहिती असते, नावं असतात, पण मैना नसते. माझं म्हणणं एवढंच की जुनं गाणं दहा तोंडांनी म्हणायला केलेलं असायचं आणि नवीन गाणं एका कानानं ऐकायला केलेलं असतंय, म्हणून ते टिकत नाही.

बोला. शिव्या चालतील, पण सबळ पुराव्यानिशी.

खट्याळ_तात्या | सोमवार, रात्री १०:०५

पैला नंबर माझा. पॉपकॉर्न नाय, भडंग घेऊन बसलोय.

सातारी_कंदी | सोमवार, रात्री १०:३१

धागा आवडला पण मांडणीत घोळ आहे येरळाकाठ भाऊ. तुम्ही जुन्यातलं सगळ्यात भारी एक गाणं घेतलंत आणि नव्यातलं मोबाईलवर जे लागलं ते घेतलंत, ही तुलना म्हणजे हिंदकेसरी पैलवानाची आमच्या गल्लीतल्या पोराशी लावलेली कुस्ती.

जुन्यातली जी मेली ती तुम्हाला माहीतच नाहीत, म्हणून सगळी जुनी थोर वाटतात. अण्णाभाऊंचंच घ्या. स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला, बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' लिहिली, पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर लिहिलं. त्या वेळी गिरणगावात माणसं रडायची म्हणतात. आज त्यांच्या गावात, वाटेगावात जाऊन विचारा, स्टालिनग्राडच्या पवाड्याची एक ओळ तरी कुणाला येतीय का. म्हणजे त्याच माणसाची, त्याच पथकाची, त्याच डफावरची गाणी, काही राहिली काही गेली. जुनं-नवं असा तो प्रश्नच नाहीये.

आणि नावं घेतली की गाणं शिळं होतं हेपण पटलं नाही. वामनदादा कर्डकांचं "सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो, सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो", यात तर सरळ नावंच आहेत की! अजून प्रत्येक १४ एप्रिलला वाजतं, लहान पोरंसुद्धा म्हणतात. मैना नाही, रूपक नाही, सरळ कॉलर धरलीय. तरी टिकलं.

येरळाकाठ | सोमवार, रात्री १०:४४

कंदी, वामनदादांचा मुद्दा मान्य, चपराक बसली. पण बघा, त्यातपण "कुठाय हो" आहे ना, ते समोरच्यानं ओढायचं. म्हणून बघा मोठ्यांदा, एकट्याला म्हणताच येत नाही, मागनं कोणतरी लागतंच.

आयटीतला_पाव्हणा | सोमवार, रात्री ११:२०

मूळ गाव कराड, सध्या हिंजवडीत खितपत पडलोय, त्यामुळं माझं मत तुम्हाला पुणेरी वाटलं तर गोड मानून घ्या.

रॅपबद्दल लोकांचा काय गैरसमज असतो कळत नाही. पोवाडा म्हणजे तरी दुसरं काय असतंय? एक माणूस श्वास न घेता घडलेली गोष्ट ठेक्यात सांगतो, मधेच थांबून गद्यात बोलतो, परत ठेका धरतो, शेवटी स्वतःचं नाव गुंफतो. रॅपवालेपण शेवटी आपलं नाव टाकतातच की. फरक एवढाच की डफाच्या जागी बीट आली. २०२३ ला ते 'पन्नास खोके'वालं रॅप आलं होतं, आठवतंय? संभाजीनगरच्या पोरानं केलेलं, गाण्यात कुठल्या पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही, तरी गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या दुसऱ्या एका पोरावर झाला. कोण म्हणतं नवीन गाण्यात दम नाही? दम नसता तर पोलीस कशाला आले असते.

आणि मुंबईत आरेच्या जंगलाचा विषय चालला होता तेव्हा स्वदेसी नावाच्या रॅप ग्रुपनं 'वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं, त्यात आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गायलेत. म्हणजे ज्याचं जंगल जातंय तोच गातोय. हे तुमच्या मैनेपेक्षा कमी आहे असं मला तरी म्हणवत नाही.

बाहेरचं बघायचं तर अमेरिकेतलं २०१८ चं 'धिस इज अमेरिका' हे रॅप बघा, बंदुकांचा आणि काळ्यांच्या हालाचा विषय, अंगावर काटा येतो.

मिरज_जंक्शन | सोमवार, रात्री ११:३७

"बघा" म्हणालात पाव्हणं. "ऐका" नाही म्हणालात. तिथंच येरळाकाठचा मुद्दा सिद्ध झाला 😄

ते गाणं मी पोराच्या मोबाईलवर चित्र झाकून ऐकलं, निम्मं कळलंच नाही. चित्रातच सगळं हाय. तो नाचतोय आणि मागं दंगल चाललीय हे दिसल्याशिवाय अर्थ लागत नाही. वाईट म्हणत नाही, पण मोर्चात कसं म्हणायचं ते? लाईट गेली की गाणं गेलं.

आयटीतला_पाव्हणा | सोमवार, रात्री ११:४१

हे राम. पकडलंत.

वाळव्याची_सून | मंगळवार, सकाळी ६:५२

सकाळी चहा टाकून वाचलं सगळं. सगळे पुरुष बोलताय आणि सगळे शाहीर, लेखक, ग्रुप यांचीच नावं घेताय, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजला होते, तेव्हा आमच्या भागात दुष्काळाची, धरणग्रस्तांची, पाण्याची आंदोलनं सतत चालायची. खानापूर तालुक्यात तांदूळवाडीला लोकांनी येरळेची वाळू विकून स्वतःचं बळीराजा धरण बांधायला घेतलं तो काळ. सभेला बायका ट्रकनं यायच्या आणि ट्रकमध्येच गाणी व्हायची. नारायण सुर्व्यांचं "डोंगरी शेत माझं गं मी बेणू किती" हे गाणं बायका म्हणायच्या, त्यातल्या निम्म्या जणींना सुर्वे कोण हे माहीत नव्हतं, माझ्या सासूबाईंना तर ते त्यांच्या माहेरचं गाणं वाटायचं, शेवटपर्यंत तसंच वाटायचं, मीपण कधी दुरुस्त केलं नाही.

पण खरी मजा ओव्यांची. जात्यावरची चाल सगळ्यांना येत होती, मग एक बाई उठायची आणि त्यात मामलेदार घालायची. दुसरी रोजगार हमीचा मुकादम घालायची, हजेरी कशी खातो ते. तिसरी नवऱ्यालाच घालायची! तिथल्या तिथं, त्याच दिवशी रचलेलं, आणि संध्याकाळी विसरलेलं. त्यातलं एकही कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणजे येरळाकाठ भाऊ, टिकणं हीच कसोटी लावली तर आमची गाणी नापास. पण त्या दिवसापुरतं त्यांनी काम केलं. शंभर बायका हातात लाटणं घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि मुकादमाच्या नावाची ओवी चालू होती, तर तो माणूस मागच्या दारानं गेला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गाण्यानं सत्तर वर्षं टिकायलाच पाहिजे का? भाकरी कुठं टिकते?

सातारी_कंदी | मंगळवार, सकाळी ९:१०

वाळव्याची सून ताई, दंडवत. भाकरीचं वाक्य चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

खट्याळ_तात्या | मंगळवार, सकाळी ९:३३

आता हलकेच घ्या पण बोलतो. अण्णाभाऊ टिकले म्हणताय, १ ऑगस्टला बघा की कसे टिकलेत. मागच्या वर्षी आमच्या चौकात जयंतीला डॉल्बी लावला होता, "जग बदल घालुनी घाव" त्याचा रिमिक्स. मधे सायरन, मधे घोड्याचं खिंकाळणं, आणि तो जो 'घाव' शब्द आहे तो सोळा वेळा रिपीट, घाव घाव घाव घाव. शेजारच्या आज्जीच्या कपाटाची काच तडकली. घाव बसला म्हणायचं का नाही?

आणि ज्या माणसाचं शिक्षण दीड दिवस, त्याचा पुतळा २०२२ ला मॉस्कोत बसला. स्टालिनग्राडचा पवाडा वाया गेला नाही बघा कंदीशेठ, तुमच्या वाटेगावात कुणाला येत नसंल पण तिकडं उधारी चुकती केली त्यांनी.

येरळाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

तात्या 😂 डॉल्बीवर मी वेगळा धागा काढणार होतो, पण आमच्या गल्लीतली मंडळी इथं वाचतात.

तरी सांगतो, त्या डॉल्बीपुढं नाचणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यातल्या दोघांना विचारलं, गाण्याचा अर्थ काय रं? एक म्हणला बाबासाहेबांनी अण्णाभाऊंना सांगितलं की जग बदल, घाव घालून. म्हणजे निरोप पोचलाय की. आम्ही शाळेत पाठ केलेल्या किती कवितांचा अर्थ असा एका वाक्यात सांगता येईल?

ताईंचा मुद्दा मात्र रात्रीपर्यंत चघळणार. टिकण्याची कसोटी चुकीची असं वाटायला लागलंय, तरी झीलेची सोडवत नाही. ओवीतपण बाकीच्या बायका ओढतातच ना शेवटचा शब्द?

वाळव्याची_सून | मंगळवार, दुपारी १:४०

ओढतात तर! ओढल्याशिवाय पुढची ओवी सुचायला वेळ कुठनं मिळणार. झील ही पुढचीला विचार करायला दिलेली सवड असते, पुरुषांनी त्याला उगीच कला वगैरे केलंय.

कास_पठारी | मंगळवार, रात्री ८:०२

उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी आहेत, लांबड लागेल.

आमचे आजोबा ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडच्या मोर्चाला होते. नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण होतं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळी निशाणं घेऊन माणसं उभी केली होती वाई-पसरणीच्या बाजूला. आजोबा जावळी खोऱ्यातनं रात्रभर चालत आले. त्यांना भाषणातलं काही आठवत नव्हतं, कोण कोण पुढारी आले होते तेपण सांगता यायचं नाही. पण आत्माराम पाटलांचं "संयुक्त महाराष्ट्र उगवतोय सरकारा, खुशाल कोंबडं झाकून धरा" हे त्यांना मरेपर्यंत येत होतं. थंडीत घाटात म्हणत उभे होतो म्हणायचे. आता या ओळीत बघा, आपली रोजची म्हण उचलली, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि ती सरळ सरकारच्या तोंडावर मारली. नवं काहीच सांगितलं नाही, माणसाला आधीच माहीत असलेलं त्याच्याच हातात शस्त्र म्हणून दिलं. मला वाटतं येरळाकाठ जे मैना मैना करतायत ते हे आहे. म्हण म्हणा, बायको म्हणा, जात्याची चाल म्हणा, ऐकणाऱ्याच्या घरातलं काहीतरी त्यात पाहिजे.

आणि या हिशोबानं बघितलं तर नव्यात असं नाही हे म्हणणं चूक आहे. आपल्याच जिल्ह्यातले, पाचगणीजवळच्या महूचे संभाजी भगत. "इनको ध्यान से देखो रे भाई, इनकी सूरत को पहचानो भाई". हिंदीत आहे, पण जादूगार किंवा डोंबारी गर्दी जमवताना जसा पुकारतो ना, तशी ती चाल आहे. बाजारात उभं राहून ऐकल्यासारखं वाटतं. लहानपणापासून ऐकलेल्या हाका आहेत त्या.

दुसरं. या गाण्यांची किंमत कुणी मोजली तेपण बोला. शाहीर विलास घोगरे, मुंबईतल्या रमाबाई नगरचा गोळीबार ११ जुलै १९९७ ला झाला, दहा माणसं गेली, आणि चार दिवसांनी १५ जुलैला या शाहिरानं आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो, चौदा वर्षं लागली तो करायला. कबीर कला मंच हे गाणाऱ्यांचं पथक २००२ ला गुजरातच्या दंगलीनंतर पुण्यात निघालं. त्यातले शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या हवाली झाले, ती तेव्हा गरोदर होती, तिला जामीन मिळाला पण त्याला मिळायला २०१७ उजाडलं. २०२० मध्ये मंचाचे आणखी तिघं आत गेले. 'कोर्ट' सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल, शाहिरावर खटला काय तर म्हणे याचं गाणं ऐकून सफाई कामगारानं जीव दिला. बघताना अतिशयोक्ती वाटते आणि मग वाटेनाशी होते. संगीत भगतांचंच आहे त्याला.

म्हणून नवीन गाणी टिकत नाहीत असं म्हणताना जरा जपून. काही गाणी टिकली नाहीत कारण गाणारा माणूस गाडीत घालून नेला.

मिरज_जंक्शन | मंगळवार, रात्री ८:३०

कास_पठारी, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिलंच नाही. उत्तम.

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. २०१६ चे मूक मोर्चे. लाखांनी माणूस, सांगलीत सगळे रस्ते भरले होते, साताऱ्यात भरले होते, आणि गाणं नाही. घोषणा नाही. नुसते पायांचे आवाज. मी त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभा होतो, एवढी माणसं आणि एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. म्हणजे गाण्याशिवायपण होतं. मोर्चा काढणाऱ्यांनी ते ठरवून केलं होतं आणि ज्यांनी बघितलं त्यांना ते अजून आठवतं. विषयावर मतं काय असायची ती असोत, तो राजकारणाचा भाग इथं नको.

खट्याळ_तात्या | मंगळवार, रात्री ८:३४

लाखात एकालापण मधेच जाहिरात आली नाही, हे मोठं.

आयटीतला_पाव्हणा | मंगळवार, रात्री १०:५८

ऑफिसातनं आत्ता सुटलो. ओव्यांचं वाचून एक आठवलं. ते 'वी शाल ओव्हरकम', ज्याचं आपण शाळेत "हम होंगे कामयाब" म्हणायचो, १५ ऑगस्टला इस्त्रीचे कपडे घालून, त्याला आपण देशभक्तीचं गाणं समजत होतो ना? ते मुळात चर्चमधलं भजन. आणि त्याचं आंदोलनाचं गाणं केलं ते तंबाखूच्या कारखान्यातल्या बायकांनी, १९४५-४६ ला अमेरिकेत चार्ल्सटन गावी संप होता, त्यात. भजन होतं, त्यात संप घातला. जात्यावरच्या ओवीत मुकादम घातला तसंच की ताई! निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना आणि त्यांना एका मांडवात बसवलं असतं तर भाषा सोडून बाकी सगळं जुळलं असतं.

अमेरिकेतल्या बॉब डिलनचंपण तसंच, 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल गुलामांच्या जुन्या गाण्यावरनं उचललेली. पुढं २०१६ ला त्याला नोबेल मिळालं. म्हणजे सगळे थोर लोक चालचोर निघाले.

सातारी_कंदी | बुधवार, सकाळी ८:२५

चालचोरी आपल्याकडं तर राजमान्य आहे. अर्धी भीमगीतं सिनेमाच्या चालीवर. ऊस आंदोलनात आमच्याकडं पोरांनी 'सैराट'च्या चालीवर कारखान्याच्या चेअरमनवर गाणं केलं होतं, एकदम झिंगाट. तेव्हा आमचे एक सर चिडले होते, म्हणे ही काय शाहिरी आहे का, चळवळीचं पावित्र्य वगैरे. पण माहीत असलेली चाल घेतली की तालीम लागत नाही, पत्रक वाटलं की पाचव्या मिनिटाला अख्खा जमाव गातो. नवी चाल बांधली तर ती शिकवायला माणूस पाहिजे, पथक पाहिजे, रोज रात्री तालीम पाहिजे. १९४४ ला अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. आता पथकच नाही तर तालीम कोण घेणार? माणूस एकटा खोलीत बसून गाणं करतो आणि अपलोड करतो, त्यात त्याचा काय दोष.

पाकिस्तानी शायर फैजच्या "हम देखेंगे"चं बघा की. लिहिलं १९७९ ला, १९८६ ला लाहोरात इक्बाल बानोनं गायलं, जनरल झियाची लष्करी राजवट असताना, तेव्हापासून ते गर्दीचं झालं. आणि २०१९ ला आपल्याकडच्या पोरांनी म्हटलं तर आयआयटी कानपूरनं चौकशीला समिती बसवली. कागदावर सात वर्षं पडून असलेली नज्म बघा. गर्दीला गाणं मिळायला कधी कधी वेळ लागतो हो. आजचं रॅपपण कुठंतरी पडून असेल, वीस वर्षांनी कुणी झाकणावर वाजवत म्हणेल.

येरळाकाठ | बुधवार, रात्री ९:१२

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, धागा एवढा चालंल असं वाटलं नव्हतं, भांडण पण झालं नाही म्हणजे कायतरी चुकतंयच.

माझं मत कुठं आलंय सांगतो. नवं-जुनं सोडलं. टिकणं सोडलं, ताईंच्या भाकरीमुळं. पण एक हट्ट सोडत नाही, की म्हणता आलं पाहिजे. त्या दिवशी ज्या पोरानं स्पीकर लावला होता ना, तो मला काल भेटला. मी म्हटलं तुला त्या रॅपमधलं किती पाठ आहे? तर सगळं पाठ! स्टँडवर उभा राहून धडाधड म्हणून दाखवलं, कंडक्टर बघत राहिला. मग मी म्हटलं गाढवा, मग मोबाईल कशाला लावलास, तूच का नाही म्हटलंस? तर म्हणतो, "काका, मला वाटलं माझ्या आवाजात कोण ऐकणार."

हे मला लागलं. त्या म्हाताऱ्याच्या आवाजात तरी काय होतं?

तर ठरलंय असं की येत्या सोमवारी परत बसायचंय त्याच जागी, आणि पोरगं म्हणणार. मी म्हटलं प्रत्येक कडव्याला एक शब्द मोकळा सोड, तो आम्ही उचलतो. तो म्हणला हुक म्हणतात त्याला. म्हटलं आम्ही झील म्हणतो, तू हुक म्हण. म्हातारबाबांनापण निरोप गेलाय. फक्त एक अडचण हाय, झाकणावर भागणार नाही, डफ पाहिजे. कुणाकडं असेल तर सांगा, दोन दिवसांनी परत करतो.

मिरज_जंक्शन | बुधवार, रात्री ९:२९

माझ्याकडं चुलत्यांचा जुना हाय, माळ्यावर. कडं चांगलं आहे, पान फाटलंय. आमच्या मिरजेत तंबोऱ्या-सतारीवाल्यांच्या गल्लीच्या मागं एक जण अजून पान चढवून देतो, विचारून सांगतो. तो म्हणत होता फायबरचं घ्या, पावसात उतरत नाही, गरम करायची कटकट नाही.

वाळव्याची_सून | बुधवार, रात्री ९:३५

फायबर नको हो. चामड्याचं आणा. डफ शेकायला कागद-काटक्या पेटवल्या की माणसं आपोआप भोवती येऊन उभी राहतात, थंडीचे दिवस आहेत.

मिरज_जंक्शन | बुधवार, रात्री ९:३६

बरं. उद्या कातडं भिजत घालायला सांगतो. शनिवारपर्यंत सुकंल.

खट्याळ_तात्या | बुधवार, रात्री ९:५०

काड्यापेटी माझ्याकडं लागली.